रामरथापासून मृगापर्यंत: उन्हाळ्यात हाताने दुपटं कसं शिवावं

निफाडकडे आत्याच्या घरी उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडला, की दुसऱ्या दिवशी ओसरीत गोधडी अंथरलेली दिसायची. पापड, कुरडया, सांडगे हे सकाळचं उन्हाळकाम. गोधडी दुपार कलल्यावरची. शेतात हाताला काम नाही, पाऊस यायच्या आत पांघरुणं तयार हवीत आणि जुनी लुगडी धुऊन कडकडीत वाळवायला याच्याइतकं चांगलं ऊन वर्षात पुन्हा मिळत नाही, असा त्यामागचा साधा हिशोब. निफाडची थंडी ज्याने काढली आहे त्याला एप्रिलमध्येच पांघरुणाची तयारी का, हे समजावून सांगावं लागत नाही.

मी नाशिकला पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. ओसरी नाही, चाळ नाही, कांदा पिशवीतून येतो. तरी गेली काही वर्षं कामदा एकादशीला रामाचा रथ निघाला, की दुसऱ्या दिवशी मी सुईदोऱ्याचा डबा खाली काढते आणि मृग लागायच्या आत एक काम पुरं करते. तेवढं जमायला मला फार वेळ लागला, कारण पहिल्या उन्हाळ्यात मी थेट मोठी गोधडी घेतली आणि ती तीन वर्षं माळ्यावर पडून राहिली. म्हणून हा लेख गोधडीच्या धाकट्या बहिणीवर, दुपट्यावर, म्हणजे बाळाच्या छोट्या पांघरुणावर. तंत्र तेच, आकार आवाक्यातला.

आधी हिशोब, मग हौस

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे उलट, पाय मोजून अंथरूण शिवायचं असतं.

तयार दुपटं ९० सेंटिमीटर लांब-रुंद धरा. धावदोऱ्याच्या (साध्या वरखाली जाणाऱ्या टाक्याच्या) दोन ओळींत एका बोटाचं, म्हणजे साधारण दीड सेंटिमीटरचं अंतर. एकूण किती लांबीची शिवण पडेल हे काढायला क्षेत्रफळाला ओळींमधल्या अंतराने भागायचं: ९० गुणिले ९० म्हणजे ८,१००, भागिले दीड, ५,४०० सेंटिमीटर. चोपन्न मीटर! हाच हिशोब दीड मीटर बाय दोन मीटर दहाच्या गोधडीला लावला आणि ओळींत दोन सेंटिमीटर सोडले, तरी शिवण दीडशे मीटरच्या पुढे जाते. माझी गोधडी माळ्यावर का गेली ते मला हा आकडा काढल्यावर कळलं.

आता दोऱ्याकडे या. सुईत दोरा हातभर घ्यायचा, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, जेमतेम अर्धा मीटर. त्याहून लांब घेतला की गुंता होतो, दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो. अर्ध्या मीटरातला सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वजा केला, टाक्यांच्या चढउतारात जाणारा वजा केला, की एका दोऱ्यात ३५ ते ४० सेंटिमीटर शिवण होते. म्हणजे एका दुपट्याला सुमारे दीडशे दोरे.

बैठकीला पाच दोरे आणि मग उठायचं, हा माझा नियम. पाच दोऱ्यांना अर्धा तास लागतो. तीस बैठकांत दुपटं होतं. रामरथापासून मृगापर्यंत, तिथी लवकर-उशिरा येईल तसे, दीड ते सव्वादोन महिने मिळतात. त्यातून लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया), पाहुणे आणि एखादं आजारपण वजा केलं तरी काम पुरं होतं, तिथी उशिरा आली त्या वर्षी मात्र जवळजवळ रोज बसावं लागतं. हात चालतोय म्हणून सहावा दोरा ओवायचा मोह होतो. ओवू नका. सहाव्यापासून बोटं घामेजतात, टाके लांबायला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच उसवण्यात बैठक जाते. मी तास मोजायचे तेव्हा उरकायची घाई असायची. दोरे मोजायला लागल्यापासून ती गेली.

कापड: बोहारणीच्या आधी कपाट उघडा

दुपट्याला तीन थर पुरतात. वरचा आणि खालचा थर मलमलीचा किंवा मऊ सुती साडीचा, मधला सगळ्यात जुना, विरत आलेला. जुनं धोतर मिळालं तर सोनंच. उन्हाळ्यात अंगावर घ्यायचं म्हणून कापड सुतीच हवं. तीन मऊ थर घाम टिपतात आणि पहाटेच्या वाऱ्यात पुरेशी ऊबही देतात.

अडचण अशी, की आपल्या कपाटातल्या निम्म्या 'सुती' साड्या सुती नसतातच. खात्री करायची तर कडेचे दोन-चार धागे उसवा, चिमट्यात धरा आणि सिंकवर मेणबत्तीच्या ज्योतीला लावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटांत भुगा होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतं. दोन्ही होत असेल तर ते मिश्र कापड. ते पिशवीला वापरा, बाळाच्या अंगावर नको.

घरात काही नसेल तर मेनरोडला किंवा रविवार कारंजाच्या आसपास मीटरवर मलमल मिळते, आणि कुठल्याही मॅचिंग सेंटरवाल्याला 'अस्तराचं सुती, मऊ' म्हटलं की तो कळल्यासारखा गठ्ठा काढतो. बोट लावून बघा. कापडाला खळ असेल तर ते खोटं कडक वाटतं, एका धुण्यात ढिलं पडतं. वरच्या थरावर रंगीत तुकडे लावायचे असतील तर ओळखीच्या शिंपीकाकांकडे कात्रणं मागा. ती पोत्याने पडलेली असतात. येवल्याच्या पैठणीचा तुकडा मात्र या कामात नको. रेशीम, जर आणि सूत तिघं तीन तऱ्हेने आटतात, आणि जर अंगाला बोचते ती वेगळीच.

माझ्या एका दुपट्यात रंगपंचमीचा सदरा आहे. जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलेल्या कपड्यांचं पुढे काय करायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. चार-पाच धुण्यांनंतर त्या सदऱ्यावर जो फिकट पिवळा उरला, तसा रंग विकत मिळाला नसता.

नवं-जुनं प्रत्येक कापड शिवायच्या आधी गरम पाण्यात धुवायचंच. नवं सुती पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आधीच आटलेलं असतं. दोघं न धुता एकत्र शिवले तर पुढे एक थर दुसऱ्याला ओढून धरतो. रंगाची परीक्षाही याच वेळी. पांढरा फडका ओला करून रंगीत तुकड्यावर मिनिटभर जोराने घासा. फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा पुन्हा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. चार धुण्यांनंतरही उतरत असेल तर त्याला रामराम. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्याच जणी सांगतात. मीही लाल खणाचा तुकडा रात्रभर मिठात ठेवला होता. पांढऱ्या मलमलीवर त्याने जो गुलाबी डाग काढला तो अजून आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रंगीत सुती कापडाला या उपायाने काहीही होत नाही.

सुई, दोरा, आणि उरलेलं किडूकमिडूक

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे एकदा लक्षात ठेवलं की दुकानात गोंधळ होत नाही. एम्ब्रॉयडरीची ५ नंबरची, मोठ्या नेढ्याची सुई या कामाला बरी. (सुईचं भोक ते नेढं आणि रतनगडाच्या माथ्यावरचं आरपार भोकही नेढंच. ट्रेकला जाणाऱ्या माझ्या मुलाला या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नव्हता.) दाभण काढू नका. ते पोत्यांसाठी. मलमलीत त्याची भोकं बुजत नाहीत.

दोरा सुतीच. पर्ल कॉटनचा (पीळदार भरतकामाच्या दोऱ्याचा) ८ नंबरचा १० ग्रॅमचा गोळा घेतला तर त्यात ८० मीटरच्या आसपास दोरा असतो, आणि आपल्या दीडशे दोऱ्यांना लागतो ७५ मीटर. एका गोळ्यात काम भागतं, पण उधळपट्टीला जागा नाही. अँकरच्या सहापदरी लड्या घरात पडल्या असतील तर त्याही चालतात. लडी ८ मीटरची असते. सहा पदरांचे तीन-तीन करून घेतले की एका लडीतून १६ मीटर निघतो, म्हणजे पाच लड्या. शिलाई मशीनचा रिळाचा दोरा मात्र नको. तो बारीक आणि कडक असतो, मऊ जुन्या कापडाला हळूहळू कापतो.

याशिवाय धारेची कात्री, मधल्या बोटात घालायचं अंगुस्तान, पंचवीस-तीस टाचण्या, आणि देवघरातल्या मेणबत्तीचं नव्हे तर मधमाशीच्या मेणाचा छोटा खडा. दोरा त्यावरून एकदा ओढून घेतला की पिंजत नाही. टाचण्या सुरुवातीला मोजून ठेवा आणि कागदावर आकडा लिहा. दुपटं बाळाकडे जाणार आहे, शेवटी तितक्याच परत डब्यात आल्या पाहिजेत.

फाडा, कापू नका

बाहेरचे दोन थर ९४ सेंटिमीटर चौरस, मधला ९० सेंटिमीटर. चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर दुमडण्यासाठी. साडीची लांबी साडेपाच मीटर धरली तर पाच तुकडे निर्धास्त निघतात. म्हणजे तीन थर होऊन पुढच्या दुपट्याचे दोन शिल्लक.

पट्टी ठेवून खडूने रेघ मारून कात्री चालवण्याचा खटाटोप मी सोडून दिला आहे. कडेला कात्रीने बोटभर छेद द्या आणि फाडा. सुती कापड आपल्याच धाग्यावर फाटतं, त्यामुळे कड आपोआप सरळ येते. फाडल्यावर तुकडा तिरका झालेला दिसेल. समोरासमोरचे कोपरे धरून दोघांनी ओढला की जागेवर येतो. मग इस्त्री.

थर लावणे, म्हणजे अर्धं काम

हे सकाळी करायचं. आठच्या आत, पंखा बंद करून. पंखा सुरू असताना मलमलीचे तीन थर एकमेकांवर नीट ठेवता आले असं सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे, आणि नऊनंतर पंख्याशिवाय बसवत नाही.

फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. फरश्यांच्या सांध्यांच्या रेघा दिसत असतील तर त्याच काटकोनाच्या पट्ट्या. खालचा थर उलट्या बाजूने वर, एका रेघेला लावून अंथरा. वर पाण्याचा हलका शिडकावा द्या आणि तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत न्या. ओलसर कापड फरशीला धरून बसतं. चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवा. त्यावर मधला थर, सगळीकडून दोन सेंटिमीटर आत. पुन्हा शिडकावा, पुन्हा हात. मग वरचा थर, सुलट बाजू वर.

आता टाचण्या, मधून बाहेर. आणि मग कच्चे टाके. ही पायरी गाळली की सगळं फसतं, तरी सगळ्यात जास्त वेळा हीच गाळली जाते, कारण कच्चे टाके शेवटी काढूनच टाकायचे असतात. कुठल्याही विटक्या दोऱ्याने, लांब लांब, चार बोटांचे टाके घालत मधून चार दिशांना, मग मधून चार कोपऱ्यांना, मग दर वितीवर आडव्या ओळी. कच्चे टाके घालताना खालची फरशी सुईला लागते, म्हणून कापडाखाली जुनं ताट सरकवत न्या. सुई ताटावरून वर उसळते. कच्चे टाके झाले की सगळ्या टाचण्या काढा आणि मोजा. उन्हाळाभर टाचण्या टोचलेलं कापड मांडीवर घेऊन बसायचं काम नाही.

मग कडा. वरचा थर मधल्या थरावर आत दुमडा, खालचा थरही आत. दोन्ही दुमडी तोंडाला तोंड लावून कच्च्या टाक्याने धरा. कोपऱ्यात कापडाचा गोळा होतो, तिथलं टोक आधी तिरकं कापून टाका. कर्नाटकातल्या सिद्दी बायका आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी दुमडलेली ठिगळं लावतात, त्याला फुला म्हणतात. कोपरा बिघडला तर ती युक्ती उसनी घ्यायला हरकत नाही. मी घेतली आहे, दोनदा.

धावदोरा

बसायची जागा ठरवा. उजवा हात चालत असेल तर उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. माझी वेळ सकाळी साडेसहा ते सात, किंवा सूर्य इमारतीमागे गेल्यावर गॅलरीत. भर दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, मांडीवर तीन थर घेऊन बसण्यात कसलीही मजा नाही. दुपारी फार तर पुढचे पाच दोरे कापून, मेण लावून, सुयांत ओवून ठेवा. पाच सुया एकदम ओवून ठेवल्या की बैठकीत चष्मा शोधत बसावं लागत नाही.

गाठ मारायची नाही. सुई कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर वरच्या थरात घाला, थरांमधून सरकवत कडेच्या कोपऱ्याशी बाहेर काढा, दोऱ्याचं शेपूट आत राहू द्या. त्याच जागी दोन अगदी बारीक उलटे टाके, म्हणजे थोडं मागे येऊन घातलेले टाके, घ्या. झाली सुरुवात. गाठ धुण्यात निसटते किंवा अंगाखाली टोचते.

पहिली फेरी कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर, दुमड बंद करत. टाका पाच-सहा मिलिमीटरचा आणि मधली जागाही तेवढीच. डावा हात कापडाखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की तिन्ही थर पार झाले असं समजायचं. सुई पुढे ढकलण्यापेक्षा कापडच वरखाली हलवत सुईवर भरायचं, चार-पाच टाके जमले की अंगुस्तानाने रेटून एकदम ओढायचं. हे पहिल्या दिवशी जमत नाही. पहिले वीस दोरे एकेक टाका घेतलात तरी चालेल. विसाव्या दोऱ्याच्या आसपास हात आपोआप चालायला लागतो, मला तरी तसंच झालं.

ओढताना किती ओढायचं? आत्या शेजारी बसून हेच एक सतत सांगायची. "अगं, ताणू नको. गोधडी शिवायचीये, तंबू न्हाई." दोरा संपला की शिवलेल्या ओळीवरून दोन्ही अंगठे दाबत हात फिरवायचा, म्हणजे अडकलेला ताण ओळभर पसरतो. ओळ हलकी सुरकुतलेली दिसली तर बरोबर, गोधडीचा तो खडबडीत पोत तिथूनच येतो. चुण्या पडल्या असतील तर दोरा घट्ट आहे, आणि घट्ट दोरा पहिल्या धुण्यात तुटतो.

कोपऱ्यावर शेवटचा टाका नेमका कोपऱ्यातच संपवा आणि हात नव्हे, कापड फिरवा. चौथी बाजू संपत आली की पहिल्या ओळीला जाऊन भिडायचं नाही. एक बोट आत वळा आणि पुढची फेरी सुरू करा. असं आत आत वळत गेलं की कडेपासून मध्यापर्यंत एकच वाट होते. एका बाजूने मोजलं तर मध्यापर्यंत तीस ओळी. अंतर मोजायला खडू नको, डावी तर्जनी आधीच्या ओळीला लावा आणि बोटाच्या पलीकडे शिवा. दोरा सात-आठ सेंटिमीटर उरला की दोन बारीक उलटे टाके घ्या, सुई थरांमधून बोटभर लांब नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडाला लागून कापा.

शिवणकामाच्या व्हिडिओंमध्ये सांगतात की मधून सुरुवात करून बाहेर जा, म्हणजे जास्तीचं कापड कडेला निघून जातं. आपल्याकडची गोधडी बाहेरून आत येते. मला आधी हे चुकीचंच वाटायचं, म्हणून एकदा मधून शिवून पाहिलं. कडा पोहोचेपर्यंत तीन आठवडे उघड्या राहिल्या, मांडीवर घासून धागे सुटले, आणि दुमडायला ठेवलेली दोन सेंटिमीटर जागा एकीकडे अर्धीच उरली. बाहेरून आत येताना पहिल्याच बैठकांत कड बंद होते, काम कुठेही न्यायला मोकळं होतं. बदल्यात एक सांभाळावं लागतं, ते म्हणजे मध्ये साठणारा फुगा. दर तीन फेऱ्यांनी दुपटं फरशीवर अंथरा आणि न शिवलेल्या भागावरून हात फिरवा. कापड उचललेलं लागलं तर तिथले कच्चे टाके काढा, तळहाताने सारखं करा, पुन्हा घाला. थर जुने आणि मऊ असले की थोडंफार जास्तीचं कापड टाक्यांत मुरून जातं. शेवटी मध्यात बोटभर फुगा उरलाच, तर तिथे सरळ एक चुणी घाला आणि वर गोल ठिगळ लावा. सगळ्यांना ते फूल वाटतं. माझ्या दुसऱ्या दुपट्यातलं कमळ असंच आलेलं आहे.

उठायच्या आधी एकदा कापड उचलून खाली बघत जा. मी एकदा सबंध बैठक, पाचही दोरे, अंगातल्या ओढणीसकट शिवली होती.

घाम, आमरस आणि हळद

उन्हाळ्यातल्या शिवणकामाचा खरा शत्रू घाम. घामेजल्या बोटांत सुई सरकत नाही आणि रात्रीतून गंजते, गंजलेली सुई कापडावर न निघणारा तपकिरी ठिपका देते. बैठकीआधी साबणाने हात धुवा, कोरडे करा, बोटांना चिमूटभर पावडर. बैठक संपली की सुई कापडात टोचून ठेवू नका, पुसून डब्यात. आज्या सुई केसांतून फिरवायच्या. तेलाने सुई सरकायची खरी, पण त्यांचं लुगडं गडद रंगाचं असायचं. पांढऱ्या मलमलीवर तो डाग दिसतो.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं घ्यायला बायका येतात आणि शिवण हातात घेऊन कौतुक करतात. हळद लागली तर साबणाने डाग लाल होईल, घाबरू नका. साबण धुऊन काढा आणि डागाची बाजू वर करून उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांत उडतो. आमरस सांडला तर लगेच गार पाणी, गरम अजिबात नाही. आणि काम जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवायची सवय लावली की हे प्रसंग मुळात कमी येतात.

गावाला जाताना, बसमध्ये, सगळं दुपटं नेता येत नाही. तेव्हा वीतभर चौकोनाचे दोन थर घ्या आणि तोच धावदोरा घालून सुयांची छोटी वही करा, पुस्तकासारखी दुमडणारी. अगदीच नवखे असाल तर दुपट्याआधी हीच करा.

शेवटच्या दोऱ्यानंतर

कच्चे टाके सगळे काढा. टाचण्यांचा कागद शोधा आणि आकडा जुळवा.

पूर्वी नवरात्राआधी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायच्या. दगडावर आपटून धुवायच्या आणि घाटाच्या पायऱ्यांवर पसरायच्या. अजूनही काही जणी जातात. मी जात नाही, नदीत आधीच काय कमी साबण आहे. दुपटं बादलीत मावतं. कोमट पाणी, थोडी साबणाची पूड, अर्धा तास भिजवून हाताने दाबायचं. पिळायचं नाही, पीळ दिला की टाके तुटतात. गुंडाळी करून पाणी निथळू द्या आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, म्हणजे वजन एकाच ओळीवर येत नाही. रंगीत बाजू सावलीकडे. मे अखेरीच्या उन्हात दुपारच्या चहापर्यंत वाळतं. इस्त्री नको, सुरकुत्याच तर हव्या होत्या.

वाळल्यावर टेप लावाल तर ९०चं ८६-८७ भरेल. धाग्याच्या ओढीने आणि आटण्याने तेवढं जातं. नेमकं मोठं हवं असेल तर पुढच्या वेळी थर फाडतानाच चार सेंटिमीटर वाढवून घ्या.